लॅडी वोन्ड्राचा होकार

लॅडी वोन्ड्राने कशालाही चटकन 'हो' म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. चर्चच्या जेवणात बायका डम्पलिंग वाढायला आल्या की हा आधी ताटाकडे बघायचा, मग डम्पलिंगकडे, आणि मग म्हणायचा, "एकच." लग्नाच्या वेळी पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हासुद्धा एवढा वेळ गप्प राहिला, की नवरीच्या, म्हणजे अ‍ॅग्नेसच्या, बापाने मागच्या बाकावरून खाकरून दाखवलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त त्याचा कशावरच पटकन विश्वास बसायचा नाही. उभा जन्म शेतकऱ्यांची मोडकी अवजारं जोडण्यात गेलेला. वरून धडधाकट दिसणारं लोखंड आतून कसं दगा देतं ते त्याने इतक्यांदा पाहिलं होतं, की माणसांकडेही तो त्याच नजरेने बघू लागला.

वेल्डिंग सुटलं, पण जुन्या पिस्तुलांचा नाद सुटला नाही. नेब्रास्काच्या त्या भागात हा नाद घरटी एकाला तरी आहे. कोणाच्या आजोबाच्या पेटीत सापडतं, कोणी म्हातारा गेला की त्याच्या सामानाच्या लिलावात मिळतं. ज्यांना ते भिंतीवर टांगायचंय त्यांना लॅडीची गरज नाही. पण ज्यांना रविवारी जुन्या खाणीतल्या मैदानात बंदुकीची काळी दारू भरून बार काढायचे असतात, त्यांना आधी लॅडीच्या शेडची पायरी चढावी लागते. पिस्तूल शंभर वर्षांचं. मधल्या काळात कुठल्यातरी शहाण्याने त्यात नव्या जोरकस दारूची काडतुसं घातलेली असतात. त्या दणक्याने फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला, तडा जातो आणि तो निकेलच्या चकचकाटाखाली लपून बसतो. मग एक दिवस हातातच फुटतं. बोटं जातात, डोळा जातो.

म्हणून खाणीत बार काढणाऱ्यांच्या क्लबात एक रीत पडली होती. जो माणूस पिस्तूल 'पास' म्हणेल, त्यानेच त्याचे पहिले सहा बार स्वतःच्या हाताने काढायचे. नुसतं तोंडाने पास नाही. लॅडीने असे कितीतरी बार काढले होते आणि त्याची दहाही बोटं जागेवर होती. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र त्या गावात नव्हतं.

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी जोलीन. चाळिशी ओलांडलेली, शाळेची बस चालवायची. नवरा सोडून गेला तेव्हा गावात परत आली आणि आई गेल्यावर बापाकडेच राहायला लागली. बापलेकीचं भांडण असं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मीठ दे, कोबी संपला, बसचे ब्रेक करकरतायत, एवढंच. तिने नवरा आणला तेव्हा लॅडी म्हणाला होता, हा टिकायचा नाही. घर घेतलं तेव्हा म्हणाला होता, पाया खचलाय. दोन्ही खरं ठरलं, आणि हेच तर वाईट झालं. बापाचं खोटं ठरलं असतं तर तिने कधीच माफ केलं असतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ती शेडमध्ये आली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या पुढ्यात ठेवलं. फडकं सोडल्यावर लॅडीच्या तोंडून नकळत शीळ निघाली. निकेल चढवलेलं, लांब नळीचं, हस्तिदंती मुठीचं पिस्तूल. शेजारच्या तालुक्यातल्या लिलावात तिने ते घेतलं होतं. कोणाला न विचारता, बसच्या पगारातून साठवलेल्या पैशांनी.

"क्लबाच्या शरदाच्या सामन्यात मला यानेच उतरायचंय," ती म्हणाली. "आणि ताता, आधीच सांगते. मी आणलेल्या प्रत्येक गोष्टीत तुम्हाला तडा दिसतो. या वेळी नीट बघा. नसेल तर नाही म्हणू नका."

लॅडीने मान हलवली. ती गेल्यावर पिस्तूल उलटसुलट केलं आणि त्याला मनापासून वाटलं की यात काही नसावं. अ‍ॅग्नेस जाताना म्हणाली होती, पोरीला कधीतरी चांगलं म्हण रे. तेव्हापासून तो संधीच शोधत होता, असं म्हणायला हरकत नाही. पण संधी शोधणं आणि तोंड उघडणं यात अंतर असतं, आणि लॅडीच्या बाबतीत ते फारच होतं.

त्याने मूठ काढली, घोडा काढला, गोळ्यांचं चक्र काढलं, स्प्रिंग काढली. नळी तेवढी राहू दिली. शंभर वर्षं फ्रेममध्ये रुतलेली नळी पिळून काढायला जाणं म्हणजे नसलेला तडा पाडणं. आता नळी जिथे फ्रेममध्ये शिरते, तिच्या बरोबर खाली धातू सगळ्यात पातळ असतो. पाणी मुरायचं ते तिथेच मुरतं. त्याने फ्रेम रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, मग काढून कोरडी पुसली, वर खडूची भुकटी चोळली आणि कॉफी प्यायला गेला. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते.

परत आला तर रेघ होती. केसासारखी, बोटाच्या पेराएवढीही नाही, आणि नेमकी त्या पातळ जागी.

आता कोणी नवखा असता तर तिथेच हात वर करून मोकळा झाला असता. पण लॅडीला माहीत होतं की जुनं निकेल आपलं आपणही तडकतं. वरचा मुलामा फाटलेला असतो आणि खालचं लोखंड अगदी ठणठणीत असतं. रेघ दोन्हीकडे सारखीच दिसते. निकेल घासून काढलं तर कळेल, पण मग त्या देखण्या पिस्तुलाचं थोबाड कायमचं विद्रूप होईल, आणि खाली काही नसलं तर पोर जन्मभर तोंड बघणार नाही. अशा वेळी लॅडीचा शेवटचा पंच ठरलेला होता. फ्रेम तारेला टांगायची आणि लाकडी हातोडीने हलकेच टोला द्यायचा. निर्दोष लोखंड घंटेसारखं वाजतं, नाद लांबत जातो. तडा असेल तर आवाज बद्द येतो, खोट्या नाण्यासारखा. अख्ख्या मुलखात लोक म्हणायचे, लॅडीच्या कानाला लोखंड खोटं बोलत नाही.

त्याने फ्रेम टांगली आणि टोला दिला. टक. पुन्हा दिला. टक.

मग त्याने भिंतीवरचा चांगला, नवाकोरा पाना काढून टांगला आणि त्याला टोला दिला. तोही म्हणाला टक.

लॅडी स्टुलावर बसला. त्याला आश्चर्य वाटलं नाही, आणि खरी लाज त्याचीच होती. हे त्याला ठाऊक होतं. उभा जन्म उघड्या कानांनी बार काढले होते. त्याच्या पिढीत कानात कापूस घालणाऱ्या पुरुषाला 'काकूबाई' म्हणायचे, आणि लॅडी स्वतः म्हणण्यात पुढे असायचा. क्लबाने कानांवर टोपणं सक्तीची केली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आधी पाखरं गप्प झाली, मग टेलिफोनची घंटा. माणसांचं बोलणं अजून कळायचं, निम्मं कानांनी, निम्मं ओठांवरून. जे कळायचं नाही तिथे तो हुंकार द्यायचा. मुळात कमी बोलणाऱ्या माणसाचा हुंकार कोणाला खटकतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे जाणं नको, यंत्र लावणं नको, आणि मुख्य म्हणजे 'लॅडीचा कान गेला' ही बातमी गावभर नको. कान गेला म्हणजे लॅडी गेला. मग उरला कोण, एक कोबी खाणारा म्हातारा.

आणि याहून वाईट असं की वसंतात त्याने मिलो पेट्रासचं पिस्तूल पास केलं होतं. मिलो म्हणजे क्लबाचा अध्यक्ष आणि लॅडीचा शाळेपासूनचा दोस्त. तेव्हाही टोल्याचा आवाज बद्दच आला होता. लॅडीने स्वतःची समजूत घातली, सर्दी झालीय, कानात मळ असेल, डोळ्यांना तर फ्रेम स्वच्छ दिसतेय. मिलोपुढे नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. त्याने पास म्हटलं, सहा बार काढले, टाळ्या पडल्या. त्यानंतर आणखी दोघांची पिस्तुलं अशीच गेली. आयुष्यभर ताक फुंकून पिणारा माणूस शेवटी डोळे मिटून घोट घ्यायला लागला होता.

आठवड्याच्या मध्यावर मिलो कॉफीला आला, सोबत बायकोने केलेले कोलाच, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. टेबलावरचं पिस्तूल बघून त्याचे डोळे विस्फारले. लॅडीने रेघ दाखवली. मिलोने चष्मा पुढेमागे केला आणि म्हणाला, निकेल असणार. मग म्हणाला, शहरात इंजिनांचे तडे चुंबकाने शोधणारं एक वर्कशॉप आहे, तिकडे पाठव. मग स्वतःच हसला.

"पण तुला काय गरज गड्या? तुझा कान आहे की. काय म्हणतो कान?"

त्या क्षणी सांगितलं असतं तर निभावलं असतं. शेडमध्ये दोघंच होते, आणि मिलो फार तर दोन दिवस टिंगल करून गप्प बसला असता. लॅडीने तोंड उघडलं, कोलाचचा घास गिळला आणि म्हणाला, "बघतोय अजून."

"बघ बाबा. पण पोरीला या खेपेला नाही म्हणू नकोस हं. मागच्या आठवड्यात माझ्या बायकोला सांगत होती, ताता मला नाही म्हणायलाच जन्माला आलेत." मिलो जाता जाता एवढं बोलून गेला. हे नेमकं लॅडीला स्पष्ट ऐकू आलं.

पुढचे दिवस त्याचे फार वाईट गेले. जोलीन काही विचारत नव्हती, आणि ते जास्त टोचत होतं. ती स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत असावी, असं तिच्या खांद्यांच्या हलण्यावरून वाटायचं. गुणगुणणं काही त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. रोज तो फ्रेम टांगायचा, टोला द्यायचा, कान जवळ न्यायचा. दातांत तार धरून बघितलं, बोटं टेकवून बघितलं. थरथर लागायची, पण ती चांगली की वाईट ते कळेना. मनात एकच हिशेब घोळत होता. पहिले सहा बार मीच काढणार आहे ना? फुटलं तर माझा हात जाईल. म्हाताऱ्याचा हात, गेला तर गेला. पोरीला तर काही होत नाही. असं म्हटलं की त्याला बरं वाटायचं. शूर वाटायचं, खरं सांगायचं तर.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने पिस्तूल पुन्हा जोडलं, तेल दिलं, फडक्यात गुंडाळलं आणि बसखालून बाहेर येणाऱ्या जोलीनच्या हातात ठेवलं.

"पास," तो म्हणाला.

जोलीनने पुडकं बसच्या पायरीवर ठेवलं. मग ग्रीसने माखलेल्या हातांनी तिने त्याला मिठी मारली. लहान होती तेव्हापासून असं घडलं नव्हतं. त्याच्या शर्टावर काळे पंजे उमटले आणि तो ते झटकायचंही विसरला. संध्याकाळी तिने आईच्या पद्धतीने बदक भाजलं, कोबी केला, आणि जेवताना बसमधल्या पोरांचे किस्से सांगत सुटली. लॅडी तिच्या ओठांकडे बघत हसत राहिला. त्याला वाटलं, हे सुख आपण उगाच इतकी वर्षं लांब ठेवलं.

रविवारी खाणीत सारा गाव जमला होता. रीतीप्रमाणे लॅडी पुढे झाला. त्याने काळी दारू मोजून भरली, टोपणं कानांवर चढवली आणि एकामागोमाग एक सहा बार काढले. पांढरा धूर पसरला. पिस्तूल मुठीत घट्ट बसलं होतं, काही सैल नाही, काही वेडंवाकडं नाही. टाळ्या पडल्याचं त्याला हातांवरून दिसलं. मिलोने पाठीवर थाप मारली. जोलीन पिस्तूल घेऊन रेषेवर गेली, चक्र भरलं, उजवा पाय थोडा मागे घेतला, हात लांब केला.

तेव्हा लॅडीला तिचा हात दिसला. स्टिअरिंगने घट्टे पडलेला, अंगठ्याजवळ जुना भाजल्याचा डाग असलेला. आणि मनातला तो शूर हिशेब एका दमात कोसळला. अरे, लोखंड पहिल्या बाराला थोडंच फुटतं? मोडक्या नांगरांनी त्याला हेच तर शिकवलं होतं. तडा रोज थोडा थोडा पुढे सरकतो. दहा वर्षं सरकत असेल तर तो सातव्या बाराला पोचेल, नाहीतर सत्तराव्या. सहा बार काढून लॅडीने जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली नव्हती. त्याने फक्त टाळ्या घेतल्या होत्या. जोखीम तिथे, त्या लांब केलेल्या हातात होती.

मैदानावर 'थांबा' कोणीही ओरडू शकतं, अध्यक्षापासून पोरासोरापर्यंत, आणि ओरडलं की कारण न विचारता साऱ्यांनी शस्त्रं खाली ठेवायची. लॅडीने टोपी हवेत फिरवली आणि जीव तोडून ओरडला, "थांबा!"

पिस्तुलं खाली गेली. जोलीनचा चेहरा लालबुंद झाला. ती टोपणं काढून वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता काय सापडलं?"

"काही सापडलं नाही," लॅडी म्हणाला. "मला ऐकू येत नाही. मी ते ऐकून पास केलेलं नाही."

मिलो आधी हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्याने आयुष्यात एकदा विनोद केला. मग लॅडीचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. लॅडीने थांबून थांबून सारं सांगितलं, वसंतापासूनचं, मिलोच्या पिस्तुलासकट. गर्दीतल्या त्या दुसऱ्या दोघांनी आपापली पिस्तुलं रिकामी करायला घेतली.

मांडवाच्या आडव्या दांड्याला तार बांधली. जोलीनने स्वतः पिस्तूल रिकामं करून उघडलं, फ्रेम टांगली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने टोला दिला. लॅडीने फ्रेमकडे बघितलंच नाही. तो माणसांच्या तोंडांकडे बघत होता. कोणाच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. सगळे नुसते खाली बघायला लागले, आणि त्याला कळलं, आवाज बद्द आलाय.

मग मिलोने आपली फ्रेम टांगली. या खेपेला टोला पडल्यावर माणसांच्या माना जराशा वर झाल्या, डोळे सैलावले. एका बाईने छातीवर क्रूस केला. आणि कोणी हललं नाही.

"अजून वाजतंय?" लॅडीने विचारलं.

"वाजतंय," मिलो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रागही होता. सारा उन्हाळा त्या पिस्तुलाने नातवाला शिकवलं होतं त्याने. "घरी जा लॅडी. आज माझ्याच्याने तुझ्याशी बोलवणार नाही."

बाकीच्या दोघांची वाजतात की नाही ते बघायला लॅडी थांबणार होता. मिलोने त्याला थांबू दिलं नाही.

गाडी जोलीनने चालवली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका, आणि मध्ये तो सरळ कंटाळवाणा रस्ता. फडक्यातली फ्रेम दोघांच्या मधल्या सीटवर पडली होती. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले. समोर बघूनच बोलली ती, हळू, स्वतःशी बोलावं तशी. काल असतं तर लॅडीने हुंकार दिला असता आणि खिडकीबाहेर बघितलं असतं.

"पुन्हा सांग गं," तो म्हणाला. "मला ऐकू आलं नाही."

जोलीनने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग त्याच्याकडे तोंड वळवून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाली, "आयुष्यात एकदा मला हो म्हणालात, ताता. तेही खोटं."

लॅडीने मान हलवली. म्हातारा रडायला लागला, तिच्यासमोर पहिल्यांदाच. जोलीनने त्याला रडू दिलं. त्याचा हात मात्र तिने धरला नाही. थोड्या वेळाने तिने गाडी सुरू केली आणि ती दोघं घरी गेली.